अपघात झालेली जुनी गाडी कमी किमतीत मिळत असेल तर घ्यावी का?

तुम्ही लिहिले आहे की सहा वर्षे जुनी एक पेट्रोल हॅचबॅक तुम्हाला पसंत पडली आहे, दोन वर्षांपूर्वी तिला पुढून अपघात झाला होता, दुरुस्ती विम्यातून झाली, हे सगळे मालकाने स्वतःहून सांगितले आणि तो बाजारभावापेक्षा 80 हजार रुपये कमी मागतो आहे; घरचे मात्र ‘ठोकलेली गाडी दारात नको’ म्हणून अडून बसले आहेत. हे शेवटचे वाक्य तुमच्या प्रश्नात नसते तर मी बहुधा उत्तर लिहायला बसलो नसतो. माझ्या मते मार कुठे बसला, त्याची दुरुस्ती कशी झाली आणि त्याचे कागद मालकाजवळ आहेत की नाहीत, एवढ्याच तीन गोष्टी गाडीच्या बाबतीत महत्त्वाच्या आहेत. ‘ठोकलेली’ हा शब्द बंपर फुटलेल्या गाडीलाही लावतात आणि चेसिस वाकलेल्या गाडीलाही, त्यामुळे त्या शब्दावरून कोणताही निर्णय घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

मी वडोदऱ्याचा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी टाक्या आणि सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंगची तपासणी करण्यात माझी बावीस वर्षे गेली. 2017 च्या जूनमध्ये मी 2013 ची एक स्विफ्ट घेतली. मालक शाळेतून निवृत्त झालेले, कारेलीबागेत राहणारे एक गुजराती गृहस्थ होते. मी गाडीविषयी काही विचारण्याआधीच त्यांनी टीपॉयवर एक जाड फाइल ठेवली आणि पोरजवळ महामार्गावर एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला गाडी मागून कशी धडकली, ते मला संकोचत सांगितले. फाइलमध्ये दुरुस्तीआधीचे फोटो होते, विमा कंपनीच्या सर्व्हेयरचा अहवाल होता, आणि कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचे बिल होते, ज्यात बंपर, उजवा हेडलॅम्प, उजवे फेंडर, बॉनेट, रेडिएटर आणि त्याला धरून ठेवणारी पुढची आडवी पट्टी असे बदललेले सुटे भाग ओळीने लिहिलेले होते. यांतला बहुतेक प्रत्येक भाग कारखान्यातूनच बोल्टने लागून येतो आणि बोल्ट काढून बदलता येतो. त्या मॉडेलच्या त्या प्रकारात एअरबॅगच नव्हत्या, त्यामुळे त्या फुटल्या होत्या का हा प्रश्नच नव्हता.

मी तरीही खाली वाकलो, कारण ज्याची भाकरी वेल्डिंगवर चालते त्याला फक्त कागदावर विश्वास ठेवता येत नाही. गाडीचा सांगाडा कारखान्यात यंत्राने जोडतात आणि बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या ॲप्रनच्या, म्हणजे चाकांवरच्या आतल्या पत्र्याच्या, कडेने त्या जोडाचे छोटे गोल खळगे ठरावीक अंतराने दिसतात. गॅरेजमध्ये कापून जोडलेला पत्रा असेल तर ते खळगे एकतर नाहीसे होतात, किंवा वेडेवाकडे येतात, किंवा वर सीलंटचा जाड थर फासून झाकलेले असतात. यंत्राने सोडलेला सीलंट सरळ रेघेत जातो आणि हाताने लावलेल्या सीलंटवर बोटाच्या किंवा ब्रशच्या खुणा उरतात. मी डावी बाजू आणि उजवी बाजू आलटून-पालटून पाहिली, पुढच्या चाकांमागचे दोन्ही चेसिस लेग, म्हणजे सांगाड्याचे लांब दांडे, हात फिरवून तपासले, दरवाजे उघडून पिलरवरचे, म्हणजे दाराशेजारच्या उभ्या खांबांवरचे, रबर ओढून आतला पत्रा पाहिला. सगळे जसेच्या तसे होते. तीन लाख दहा हजार सांगितले होते, दोन लाख पंच्याण्णव हजारांत व्यवहार झाला. तशाच, पण न ठोकलेल्या गाडीचे तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास पडत होते.

घरी गाडी आणली त्या संध्याकाळी सासूबाईंनी बोनेटवर लिंबू फिरवले आणि माझे साडू, जे दांडिया बाजारात राहतात आणि वयाने माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारून सर्वांसमोर निकाल दिला, “साडूभाऊ, रंग काढला की खालून अपघातच निघायचा.” त्यानंतर सात वर्षांत पंक्चर झाले तरी कारण अपघात, बॅटरी उतरली तरी अपघात, आणि एकदा जांबुवाच्या पुलाजवळच्या वाहतूक कोंडीत आम्ही दोन तास अडकलो आणि लग्नाचा मुहूर्त चुकला, तेव्हाही त्यांनी माझ्या गाडीकडेच बोट दाखवले.

माझ्यानंतर तीनच महिन्यांनी, गणपतीत, साडूंनी स्वतः एक सेडान घेतली. विकणारा व्यापारी ‘एकही ओरखडा नाही, पूर्ण ओरिजिनल’ असे म्हणत होता आणि साडू ते वाक्य मंत्रासारखे पुन्हा पुन्हा म्हणत होते. आरतीला सगळे जमले होते, माझ्या हातात पेढा होता, आणि कोणीतरी ‘वेल्डिंगवाल्यांना दाखवा’ असे म्हटल्यामुळे मी बॉनेट उघडले. डावीकडे खळगे अगदी नियमाने ओळीत होते. उजवीकडे त्या जागी सपाट पत्रा होता, वर जाड सीलंट, आणि त्यात एका ठिकाणी ब्रशचा केस अडकून वाळलेला होता. म्हणजे ॲप्रन कापून दुसरा बसवला होता, म्हणजे मार बोल्टच्या भागांना ओलांडून सांगाड्यापर्यंत गेला होता. मी ते तिथल्या तिथे बोललो. पेढा खाऊन मग घरी जाऊन फोन करायला हवा होता, असे माझी पत्नी आजही म्हणते आणि तिचे म्हणणे मी अमान्य करत नाही. परंतु पाहिले ते खोटे नव्हते.

पुढचे सांगायचे तर त्या सेडानचे पुढचे उजवे टायर दर बारा-पंधरा हजार किलोमीटरला आतल्या कडेने खाऊन जात असे, आणि अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी स्टिअरिंग सरळ धरल्यावर गाडी एका बाजूला ओढायची. याचे कारण सोपे आहे. पुढचा शॉकॲब्सॉर्बर ॲप्रनवरच बसतो. ती जागा काही मिलिमीटर जरी सरकली तरी चाकाचा झुकाव बदलतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो झुकाव अलाइनमेंटच्या यंत्रावर दुरुस्त करण्याची सोयच नसते. साडूंनी मात्र सगळा दोष वडोदऱ्याच्या खड्ड्यांना दिला. दोन वर्षांनी त्यांनी ती गाडी तोट्यात विकली, आणि विकताना काय सांगितले ते मी विचारले नाही.

आता तुमच्या गाडीकडे येतो. मालकाला ती फाइल मागा आणि ती नसेल तर गाडीचा नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा, कारण बॉडी शॉपमध्ये झालेले कामही त्यांच्या नोंदीत असते. विम्यातून झालेल्या दुरुस्तीची रक्कम आणि त्या वर्षीच्या पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, एकमेकांशेजारी ठेवून पाहा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची, धरतात. तुमच्या गाडीचा खर्च वीस-पंचवीस टक्क्यांत असेल तर मार बहुधा बाहेरच्या भागांपुरता राहिला असावा, आणि साठ-पासष्ट टक्के असेल तर पुढे जाण्याआधी पुन्हा विचार करा. इथे एक खोच आहे: गाडीला चार-पाच वर्षे झाली की आयडीव्ही नव्या किमतीच्या निम्म्यावर येते, त्यामुळे दोन एअरबॅग, डॅशबोर्ड आणि पट्टे एवढ्यानेच टक्केवारी फुगते. म्हणून आकड्याबरोबर बिलातल्या भागांची नावेही वाचलीच पाहिजेत. ‘ॲप्रन’, ‘पिलर’, ‘चेसिस लेग’ यांपैकी एखादे नाव त्यात दिसले तर माझ्या दृष्टीने विषय संपतो, मग सवलत 80 हजारांची असो की दीड लाखाची. सांगाड्याचे पुढचे भाग आघातात ठरल्याप्रमाणे चुरगळून आतल्या माणसांचा धक्का कमी करण्यासाठी घडवलेले असतात, आणि गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केलेला उच्च ताकदीचा पत्रा पुढच्या वेळी तसा वागेल याची खात्री कोणताही डेंटर देऊ शकत नाही.

चालू पॉलिसीवरची नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची, टक्केवारीही पाहा, कारण तो कागद मालकापेक्षा जास्त बोलतो. क्लेम न घेतलेल्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 अशी ती चढत जाते आणि क्लेम घेतला की सामान्यतः शून्यावर येते. तुमच्या मालकाचा अपघात दोन वर्षांपूर्वीचा असेल तर आज साधारण 20 टक्के दिसायला हवेत. शून्य दिसले तर मधल्या काळात आणखी काही घडले आहे का, ते विचारा. आणि 50 दिसले तर ‘विम्यातून दुरुस्ती’ हे कसे, तेही विचारा. अर्थात, हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, तो दुसऱ्या गाडीवरून आणलेला असू शकतो किंवा त्याला वेगळे संरक्षण घेतलेले असू शकते, म्हणून फक्त यावरून कोणाला खोटे ठरवू नका. सरकारच्या वाहन आणि ई-चलन पोर्टलवर कर्जाची नोंद, विम्याची मुदत आणि चलन दिसतात. अपघात दिसत नाही.

तुमच्या गाडीला एअरबॅग असणार, कारण 1 जुलै 2019 पासून चालकाच्या बाजूची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. मात्र गाडी त्याआधीची असेल तर खात्री करून घ्या. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर मागे कोणीतरी काहीतरी लपवले आहे असे समजा. तो लागून विझतो, पण समोरून मोठा मार बसल्याचे फोटोत दिसते आणि बिलात एअरबॅगचे नाव नाही, असे असेल तर स्कॅनर लावून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधल्या नोंदी वाचून घ्या, कारण फुटलेल्या एअरबॅगच्या जागी एक साधा रेझिस्टर जोडून दिवा फसवणारे लोक आहेत. सीट बेल्टवर त्याच्या निर्मितीची तारीख असलेली पट्टी असते. गाडीपेक्षा पट्टा तरुण निघाला तर तो का बदलला हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काचांचेही तेच, मात्र पुढची काच दगडानेही फुटते.

माझ्या स्विफ्टचे काय झाले, हे न सांगता उत्तर संपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 2024 च्या ऑगस्टअखेर, जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदी शहरात शिरली. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आमच्या समा भागातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी डॅशबोर्डच्या वर दोन दिवस उभे होते आणि विमा कंपनीने गाडी टोटल लॉस धरली. साडू भेटायला आले, चिखल पाहिला आणि म्हणाले, “शेवटी ठोकलेलीच ना ती.” सात वर्षे आणि सुमारे एक लाख दहा हजार किलोमीटर ज्या गाडीने एकदाही आम्हाला रस्त्यात सोडले नाही, तिला नदीने बुडवले यात त्या ट्रॉलीचा काय संबंध, हे मी त्यांना त्या दिवशी विचारू शकलो नाही, म्हणून इथे विचारतो.

यावरून माझे मत इतकेच पक्के झाले की पाण्यात बुडालेली गाडी कोणत्याही भावात घेऊ नये. मार एका जागी बसतो आणि तिथे जाऊन तो पाहता येतो. पाणी मात्र वायरिंगच्या प्रत्येक जोडात शिरते आणि वर्षभराने एकेक करून त्रास देऊ लागते. त्या पुरातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाहेरगावी गेल्या असतील, तेव्हा वडोदऱ्याच्या जीजे-06 नंबरची गाडी स्वस्तात दिसली तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाशी गाळाची रेघ आहे का ते पाहा, स्टेपनीच्या खड्ड्यातले बोल्ट आणि सीटखालच्या रुळांवरचा गंज पाहा, गालिचा उचलून वास घ्या. तुमची गाडी वडोदऱ्याची नसली तरी दहा मिनिटांचे काम आहे.

घरच्यांना काय सांगावे, याचे माझ्याजवळ चांगले उत्तर नाही. मी सात वर्षे सांगून पाहिले. त्यांना सोबत नेऊन ती फाइल त्यांच्यासमोर उघडता आली तर पाहा, कारण मी हे केले नाही आणि नंतरचे सगळे त्यातून वाढले. फाइल नीट असेल, ॲप्रनचे खळगे दोन्हीकडे सारखे असतील आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगवरची पकड किंचित सैल केल्यावर गाडी सरळ जात असेल, तर मी ती घेतली असती. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही झाल्यावर विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवस असतात, ते विसरू नका. आणि 80 हजारांकडे निव्वळ फायदा म्हणून पाहू नका: तुम्ही ती विकाल तेव्हा हीच फाइल तुम्हालाही समोर ठेवावी लागेल आणि पुढचा गिऱ्हाईक त्यातले पन्नास-साठ हजार तुमच्याकडून कापून घेईल, तेवढी रक्कम आजच्या हिशेबातच वजा धरा.