क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या मृत्यूनंतर आलेला 'क्वीन रॉक्स' हा संग्रह ऐकावा का? त्यातली बहुतेक गाणी जुनीच आहेत ना?

गाणी जुनीच आहेत, पण ती कोणती निवडली आणि कोणती गाळली यातच या संग्रहाचे खरे स्वारस्य आहे, असे मला वाटते.

मर्क्युरी नोव्हेंबर 1991 मध्ये गेला आणि हा संग्रह नोव्हेंबर 1997 मध्ये आला. त्यातल्या 18 गाण्यांत 'बोहेमियन रॅप्सडी' नाही, 'वी आर द चॅम्पियन्स' नाही, 'समबडी टू लव्ह'ही नाही. म्हणजे ज्या गाण्यांमुळे आपण मर्क्युरीला ओळखतो, ती जवळजवळ सगळीच बाहेर राहिली आहेत. श्रेयनामावली पाहिली तर केवळ मर्क्युरीच्या नावावर असलेले 'सेव्हन सीज ऑफ राय' हे एकच गाणे सापडते, आणि निम्म्याहून अधिक गाणी गिटारवादक ब्रायन मेची आहेत. त्यामुळे पाचगणीच्या शाळेतल्या बँडमध्ये पियानो वाजवणारा, ऑपेराचा नाद असलेला मर्क्युरी येथे फारसा भेटत नाही. भेटतो तो 'टाय युअर मदर डाउन' किंवा 'स्टोन कोल्ड क्रेझी'मध्ये गिटारच्या कल्लोळावर आवाज चढवणारा गायक. 'आय कान्ट लिव्ह विथ यू'मध्ये तर त्याचा 1991 च्या अल्बममधला आवाज तसाच ठेवून त्याभोवती गिटार आणि ड्रम नव्याने वाजवले आहेत. मला हे रूप मूळ गाण्यापेक्षा सरस वाटते, जरी त्याला विचारायची सोय उरलेली नव्हती.

शेवटचे गाणे मात्र पूर्णपणे नवीन आहे. 'नो वन बट यू' हे मेने मर्क्युरीच्या आठवणीत लिहिले; त्याच्या आधीच्या वर्षी स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो येथे सरोवराकाठी, एक हात उंचावलेला मर्क्युरीचा पुतळा उभारला गेला होता आणि गाण्याची सुरुवात पाण्यावर उंचावलेल्या त्याच हाताने होते. ते मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांनी गायले असून, बासवादक जॉन डीकनचे बँडसोबतचे हे अखेरचे ध्वनिमुद्रण ठरले. (मर्क्युरीचा आवाज नाही हे पहिल्याच कडव्यात जाणवते.) गंमत अशी की, संपूर्ण संग्रहभर गिटारचे राज्य असताना हे गाणे पियानोवर सुरू होते.

क्वीन प्रथमच ऐकत असाल तर 1981 च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'पासून सुरुवात करा आणि याकडे नंतर वळा.