वाचकांचे प्रश्न: बायोप्सीला घाबरून थांबलोय, काय करू?

प्रश्न: सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत, लग्नाआधीपासून मिश्री लावतात. दीड-दोन महिने झाले, गालाच्या आत पांढरा चट्टा आणि शेजारी एक जखम आहे, तिखट लागलं की डोळ्यात पाणी येतं. डेंटिस्टने बायोप्सी सांगितली, पण नणंद म्हणते तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, गावात एकाचं तसंच झालं. म्हणून थांबलोय. काय करू?
– एक सून, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, थांबू नका, याच आठवड्यात घेऊन जा. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर ती तपासायलाच हवी आणि तुमच्याकडे दीड महिना आधीच गेलाय. जागा बधिर करून चट्ट्याच्या कडेचा छोटासा तुकडा काढतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, त्याच दिवशी घरी. तोंडाचा कॅन्सर त्याने पसरत नाही. मग गावातल्या त्या माणसाचं असं का झालं? बहुतेक वेळा होतं असं की माणूस आधीच उशिरा येतो, बायोप्सी होते, रिपोर्ट ऐकून घरचे हादरतात, मग कुणीतरी झाडपाल्याचं औषध सुचवतं, त्यात दोन-तीन महिने जातात, तोवर गाठ वाढलेली असते आणि नाव मात्र बायोप्सीचं खराब होतं.

प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सर नसतो, लाल चट्ट्याची काळजी जास्त. पण नुसतं बघून कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. आणि एक करा, डॉक्टरांना मिश्रीचं आपणहून सांगा. तंबाखू खाता का विचारलं की आपल्याकडच्या बायका सरळ नाही म्हणतात, कारण मिश्रीला कुणी तंबाखू धरतच नाही. पण ती तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच आहे, आजपासून बंद करायला लावा.

समजा कॅन्सर निघालाच, तर तोंडाच्या कॅन्सरमध्ये मुख्य उपचार ऑपरेशन. गाठ लहान असली तरी डॉक्टर मानेतल्या गाठी (म्हणजे लिम्फ नोड, सगळ्यांच्याच मानेत असतात त्या छोट्या ग्रंथी, तोंडाचा कॅन्सर आधी तिथे जाऊ शकतो) काढू म्हणतील, तेव्हा मानेला तर काहीच नाही म्हणून वाद घालू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलने हेच तपासलं, २०१५ मध्ये ५०० पेशंटचे निकाल आले: पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी १०० मागे ८० जण हयात होते, मानेत गाठ उठल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांत ६७-६८. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट बघून रेडिएशन लागेल की नाही ते ठरतं, लागलं तर साधारण सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. त्याच्या आधी दात दाखवून घ्या! किडलेले, हलणारे दात आधीच काढावे लागतात, रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होतो. खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन जा आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतलं हॉस्पिटल असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

प्रश्न: मला आणि माझ्या जाऊबाईंना, दोघींनाही स्तनाचा कॅन्सर. त्यांना ऑपरेशननंतर केमो न देता फक्त गोळ्या, मला मात्र केमो आणि वर वर्षभर इंजेक्शनं. माझा जास्त वाईट आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: असं लावू नका. तुमच्या फाइलमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन टेस्टचा रिपोर्ट असेल, तो काढून बघा. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असल्या की गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते, मग टॅमॉक्सिफेन किंवा पाळी गेल्यानंतर लेट्रोझोलसारखी गोळी पाच ते दहा वर्षं चालते, जाऊबाईंचं बहुधा तसं असेल. हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ वाढवणारं हर-टू नावाचं प्रोटीन पेशींवर जास्त असेल तर ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे बहुधा तुमची ती वर्षभराची इंजेक्शनं. हे औषध यायच्या आधी या प्रकाराला डॉक्टर खरंच घाबरायचे, आता चित्र खूप बदललंय. तिन्ही निगेटिव्ह असतील तर मात्र मुख्य भिस्त केमोवर. शिवाय गाठ केवढी, काखेत गेली का, हेही बघतात. इंजेक्शनं चालू असताना अधूनमधून हृदयाची टू-डी इको करतात, ती चुकवू नका.

प्रश्न: मिस्टरांना रक्ताचा कॅन्सर, सीएमएल सांगितलाय. डॉक्टरांनी फक्त रोज गोळी दिली, ना केमो ना रेडिएशन. त्यांनी हात टेकलेत का हो?
– एक गृहिणी, लातूर

उत्तर: अजिबात नाही, हा तर आशेचा भाग आहे. सीएमएलमध्ये रक्तपेशींतल्या ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे (गुणसूत्रांचे) तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं एक बिघडलेलं प्रोटीन तयार होतं आणि ते पेशींना वाढत राहायला लावतं. इमॅटिनिब, म्हणजे बहुधा मिस्टरांची ती रोजची गोळी, नेमकं त्या प्रोटीनला अडवतं. २००१ मध्ये हे औषध अमेरिकेत मंजूर झालं, आणि आज नियमित गोळ्या घेणारे बरेच पेशंट वर्षानुवर्षं नोकरी-शेती सांभाळून आहेत. धोका एकच, बरं वाटायला लागलं की गोळी सुटते. लग्नकार्य, प्रवास, स्टॉक संपला, काहीही झालं तरी सोडू द्यायची नाही. मळमळ होत असेल तर जेवणासोबत भरपूर पाण्याबरोबर द्या, पायाला सूज, पेटके आले तर डॉक्टरांना सांगा, मनाने डोस कमी करू नका. आणि दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची जी रक्ततपासणी सांगितलीय ती करा, गोळी लागू पडतेय का हे त्यातच कळतं आणि पडत नसेल तर पुढची औषधं आहेत.