गाडी आतून किती रिकामी करायची? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑटोक्रॉसवर, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणांच्या वाटेवर घड्याळ लावून गाडी पळवायच्या शर्यतीवर, दोन पानं लिहिली अन् पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडलंय, गाडीच्या आतलं काय काढायचं, काय ठेवायचं अन् नियमाची ओळ वाचायची कशी. म्हणून या वेळी इंजिन-टायरचे प्रश्न बाजूला ठेवले. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये, पुढच्या महिन्यात घेतो.

दारव्हा (जि. यवतमाळ) इथून एक वाचक: भाऊ, मी अन् माझ्या चुलतभावानं मिळून एक जुनी हॅचबॅक घेतली, फक्त ऑटोक्रॉससाठी. नियम डाउनलोड केले. त्यात मागची सीट काढता येते, कारपेट काढता येते असं आहे. पण आमच्या मनातलं सगळंच काही त्यात सरळ लिहिलं नाही. मित्र म्हणते जे मना केलं नाही ते चालते, चुलतभाऊ म्हणते जे लिहिलं नाही त्याले हातच लावू नको. घरात रोज यावरून वाद होऊन राहिला. कोणाचं खरं?

चुलतभावाचं. मित्राला चहा पाजा अन् घरी पाठवा.

नियमाची पुस्तकं दोन जातीची असतात जी. एकात "हे करू नका" अशी यादी असते, बाकी मोकळं रान. दुसऱ्यात "एवढंच करता येईल" अशी यादी असते अन् बाकी सगळं बंद. मोटरस्पोर्टची बहुतेक पुस्तकं दुसऱ्या जातीची. एफआयए म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, तिच्या नियमात 'अपेंडिक्स जे' (J) आहे, त्यातलं कलम २५३ सेफ्टीचं, २५४ ग्रुप एन (N) चं म्हणजे शोरूमच्या जवळच्या गाड्यांचं, अन् २५५ ग्रुप ए (A) चं, तिथं जरा जास्त मोकळीक. त्यात सरळच म्हटलंय की परवानगी दिली नाही तो बदल मनाई समजायचा. आणखी एक ओळ आहे जी लोक वाचतच नाहीत, की परवानगी असलेला बदल करताना परवानगी नसलेला बदल ओढून आणायचा नाही. आता हे तुमच्या गाडीला लावून पाहा. मागची सीट काढायला परवानगी आहे, काढा. पण सीट काढल्यावर खालचं ब्रॅकेट उघडं पडलं, ते दिसायला घाण वाटते म्हणून ग्राइंडर घेऊन कापून टाकलं, तर ती सीट काढणं राहिलं नाही, बॉडीशेलला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला हात लावणं झालं. परवानगी सीटची होती, ब्रॅकेटची नव्हती.

पार्सल ट्रेचंही तसंच. ग्रुप एमध्ये हॅचबॅकचा सुटणारा ट्रे काढता येतो. हे वाचून एकानं सेडानचा मागचा शेल्फ कापायची तयारी केली होती, अरे बापा, तो शेल्फ म्हणजे बॉडीचा पत्रा आहे, पुठ्ठ्याचा ट्रे नाही! ओळीत "सुटणारा" हा शब्द आहे तो उगाच नाही.

डॅशबोर्डबद्दल विचाराल तर ग्रुप एमध्ये डॅशबोर्ड जागेवर राहतो, त्याच्या खालची, त्याचा भाग नसलेली पॅनलं काढता येतात, अन् मधल्या कन्सोलचा जो भाग हीटरचा नाही अन् मीटरचा नाही तेवढाच काढता येतो. म्हणजे आख्खा कन्सोल उपटला तर गेले.

दाराच्या पॅडवर माझं स्वतःचं नाक कापलं गेलंय म्हणून जरा लांबण लावतो. नियम असा की दाराचं पॅड काढून त्याजागी दुसरं पॅनल लावता येतं, धातूचा पत्रा असला तर किमान ०.५ मिमी, कार्बन फायबर असलं तर किमान १ मिमी, नाहीतर दुसरं कुठलं तरी घट्ट, न जळणारं मटेरियल किमान २ मिमी. मी घाईत काय वाचलं तर "दुसरं मटेरियल २ मिमी". फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिकचा फोम बोर्ड आणला, ३ मिमीचा, म्हणजे नियमापेक्षा जास्तच असा माझा हिशोब, मस्त कापून बसवला, वर रेडियमनं नाव पण टाकलं. स्क्रुटिनीअर, म्हणजे शर्यतीआधी गाडी तपासणारे साहेब आले, बोटानं टकटक केलं अन् एवढंच विचारलं, "हे जळते का?" मी गप्प. "न जळणारं" हा शब्द माझ्या डोळ्यासमोरूनच गेला होता अन् मी वाचला नव्हता. संध्याकाळचे सहा, शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी, हार्डवेअरची दुकानं बंद होऊन राहिली होती. शेवटी ज्यांच्याकडं मुक्कामाला होतो त्यांच्या अंगणात जुना मोडका कुलर पडला होता, त्याच्या बाजूचा पत्रा कापला, व्हर्निअरवर ०.६ निघाला, कडा दुमडल्या, स्क्रूनं बसवला. सकाळी पास. एका बाजूला गंजलेला निळा रंग अन् दुसऱ्या बाजूला जाळीची भोकं झाकायला मारलेलं रिव्हेट, पण पास.

तर वाचायची पद्धत अशी ठेवा. आधी आपली गाडी कुठल्या क्लासात बसते ते पाहा. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत नाही का, जोडी कोणत्या गटात धावते हे ठरल्याशिवाय पुढची गोष्टच होत नाही, तळेगाव दशासरला जाऊन पाहा कसे भांडतात लोक त्यावरून. मी वर ग्रुप एचं सांगितलं म्हणून तुमच्या इव्हेंटला तेच लागू होईल असं नाही. आपल्याकडं एफएमएससीआयचे, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचे स्वतःचे नियम आहेत अन् त्यावर आयोजकाचं एसआर म्हणजे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स निघतं, ते पहिलं वाचायचं. मग प्रत्येक ओळीत इंग्रजी "मे" आहे का "मस्ट" आहे ते पेन्सिलनं खूण करा. "मे" म्हणजे तुमची मर्जी, "मस्ट" म्हणजे मर्जी-बिर्जी काही नाही. अन् तरी शंका राहिली तर आयोजकाला मेल टाका, फोटो जोडून, एन्ट्री भरायच्या आधी. फोनवर कोणी "चालते हो, या" म्हटलं तर ते स्क्रुटिनीच्या मांडवात उपयोगाचं नाही, तिथं ज्यानं हो म्हटलं तो माणूस जेवायला गेलेला असतो.

चिखली (जि. बुलढाणा) इथून एक वाचक: आमच्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक नंबर कारागीर आहे. तो म्हणते दीड इंची जीआय पाइपचा रोल केज (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा पाइपचा पिंजरा) दोन दिवसांत करून देतो, बाहेरच्या केजच्या चौथ्या हिश्श्यात. पाइप तर जाडच आहे, मग काऊन नको म्हणतात?

कारागिराच्या हाताबद्दल मला शंका नाही. ट्रॉलीत सहा टन ऊस भरून खड्ड्यातून नेते ते वेल्डिंग काही लेचंपेचं नसते. पण पाइप चुकीचा आहे.

कलम २५३ मध्ये मेन हूप, म्हणजे ड्रायव्हरच्या मागं कमानीसारखा येतो तो पाइप, तो ४५ गुणिले २.५ मिमी नाहीतर ५० गुणिले २ मिमी पाहिजे (पहिला आकडा बाहेरचा व्यास, दुसरा पाइपच्या भिंतीची जाडी), बाकीचे बरेचसे पाइप ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. अन् पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंडच ओढून काढलेला बिनशिवणीचा कार्बन स्टीलचा, ताकद किमान ३५० मेगापास्कल. बाजारातला दीड इंची जीआय बाहेरून भरतो ४८ मिमीच्या आसपास, म्हणून लोकांना वाटते की ४५ पेक्षा जास्तच आहे. पण तो पाण्याचा पाइप आहे हो, पट्टी गोल वळवून शिवण मारलेला. गाडी उलटली की पाइप चेपतो, अन् चेपताना ती शिवण फाटू शकते. त्यावर जस्ताचा थर, तो वेल्डिंग करताना पेटला की धूर कारागिराच्या छातीत जातो अन् जोडात भोकं राहतात. वाकवणीचंही आहे, गरम करून, वाळू भरून वाकवतात ना आपल्याकडं, ते चालत नाही. थंडच वाकवायचा अन् वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या दिसल्या की समजून जा.

केजच्या पायाचं तर कोणी विचारतच नाही. मेन हूपच्या प्रत्येक पायाखाली बॉडीला वेल्ड केलेली किमान ३ मिमी जाडीची प्लेट लागते, क्षेत्रफळ किमान १२० चौरस सेंमी, बोल्ट किमान तीन, एम ८, ग्रेड ८.८. नाहीतर उलटल्यावर केज साबूत राहतो अन् पाय फरशीतून खाली जातो, टाचेची चप्पल चिखलात घुसते तसा.

तुमच्या कारागिराला काम द्यायचंच असेल तर सीमलेस पाइप टेस्ट सर्टिफिकेटसकट तुम्ही आणा, ड्रॉइंग नियमातलं द्या अन् वेल्डिंगच्या आधी, नुसतं टॅक मारलेलं, म्हणजे ठिपक्यानं तात्पुरतं जोडलेलं असताना जाणकाराला दाखवा. एकदा रंग मारून आणला की मग मान हलवायचीच वेळ येते.

आणखी एक. केज बसवलेली गाडी बाजाराला, लग्नाला वापरू नका. हेल्मेट नसताना साध्या ब्रेकला सुद्धा डोकं पाइपवर आपटते. हेल्मेट लागू शकते तिथं ठरलेल्या दर्जाचं पॅडिंग लागते, पाण्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम नाही.

वरूड (जि. अमरावती) इथून एक वाचक: बकेट सीट (अंगाला दोन्ही बाजूंनी धरणारी शर्यतीची सीट) अन् चार पट्ट्यांचा हार्नेस (शर्यतीचा सीट बेल्ट) सेकंडहँड भेटून राहिला, स्थितीत चांगला आहे. घेऊ का?

लेबल पाहून घ्या, स्थिती पाहून नाही. एफआयएच्या ८८५५-१९९९ मानकाची सीट बनवल्या तारखेपासून ५ वर्षं चालते. हार्नेसच्या पट्टीवर तारीख शिवलेली असते, तिच्या पुढं तो शर्यतीत चालत नाही, मग नवाकोरा दिसू दे. विकणाऱ्यानं लेबल कापलेलं असलं तर किंमत विचारूच नका. अन् मोठ्या अपघातातून निघालेला हार्नेस तर फुकटातही नको, एकदा ताणला की तो गेला.

बसवताना सीटला किमान चार जागी धरायचं, बोल्ट किमान ८ मिमी, अन् खालून प्लेट, स्टीलची ३ मिमी, प्रत्येकी ४० चौरस सेंमी, म्हणजे दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या त्याहून थोडी मोठी. वॉशरची चळत लावून उंची जुळवणारे पाहिलेत मी, तसं नका करू. खांद्याच्या पट्ट्या मागं फरशीला खाली ओढून बांधतात तेही चूक, धडकेत त्या खांदे खाली दाबतात अन् सगळा भार मणक्यावर येतो. आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त खाली जाता कामा नये, १० च्या आत राहिल्या तर उत्तमच.

अग्निशामक पण आताच पाहून घ्या. २ किलो पावडरचा सिलिंडर बाटलीसकट चारेक किलो भरतो. त्याचं ब्रॅकेट २५ जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या २५ पट झटका सहन करणारं पाहिजे, म्हणजे धडकेच्या क्षणी तो सिलिंडर क्विंटलभर वजनासारखा ओढणार. तारेनं बांधलेला क्विंटल तुमच्या मानेमागं असलेला परवडेल का?

राजुरा (जि. चंद्रपूर) इथून एक वाचक: वजन कमी करायला एसी काढू का?

मे महिन्यात हा प्रश्न विचारायची हिंमत केली नसती तुम्ही! नियमात काढायला परवानगी असते बऱ्याच ठिकाणी, ग्रुप एमध्ये आहे. पण काच पुसायची, म्हणजे आतली वाफ घालवायची सोय ठेवावीच लागते, ते सक्तीचं आहे. अन् गॅस हवेत सोडून पाइप कापू नका, एसीवाल्याकडून काढून घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी राहू द्या. ४५ डिग्रीत लाइनमध्ये तासभर उभं राहून डोकं फिरलं की एसीचं वजन काढून वाचवलेला वेळ पहिल्याच वळणावर जातो.

पुसद (जि. यवतमाळ) इथून एक वाचक: माझी एकच गाडी आहे. रविवारी शर्यत, सोमवारी शाळेवर ड्युटी. मागची सीट काढून, बकेट सीट लावून तीच चालवली तर पोलिस धरतात का?

धरतात की नाही हे त्या चौकातल्या साहेबावर, पण कायदा काय आहे ते सांगतो. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून आरसीतला तपशील वेगळा पडेल असा बदल करायचा नाही. तुमच्या आरसीवर पाच सीटा लिहिल्यात अन् गाडीत दोन, इथंच घोळ झाला. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच कलम कडक शब्दांत लावून धरलं, अन् त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं, त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागं, हे लक्षात घ्या, सीट वेगळी, स्टिअरिंग वेगळं. शर्यतीच्या नियमात चालते म्हणून रोडवर चालते असं नाही.

सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत सीट बदलली की ती एअरबॅगही गेली अन् मीटरवर लाइट पेटलेला राहतो. ती वायर घरी कापायला बसू नका, त्यात स्फोटकाचा भाग असतो.

अन् इन्शुरन्स. पॉलिसीच्या कागदावर "लिमिटेशन्स अॅज टू यूज" असं असते, तिथं संघटित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे वगळलेलं असते. मैदानात बंपर गेला तर तो तुमच्या पगारातून.

तुमच्यासाठी मास्तर, माझा सल्ला वेगळाच आहे. टीएसडी खेळा. टाइम-स्पीड-डिस्टन्स, ठरलेल्या सरासरी वेगानं ठरलेल्या वाटेनं जायचं, लवकर पोचलं तरी गुण कापतात, उशिरा पोचलं तरी कापतात. गाडीत काही काढायचं नाही, काही घालायचं नाही, एसी चालू ठेवून बसा. शेजारी नेव्हिगेटर पाहिजे ज्याचं गणित पक्कं आहे, अन् शाळेत ते तुम्हाला शोधावं लागणार नाही. फक्त पॉलिसीतला तो रिलायबिलिटी ट्रायलचा शब्द इथंही आडवा येऊ शकतो, म्हणून एन्ट्रीच्या आधी आयोजकाला इन्शुरन्सचं लेखी विचारा.