मांडीचं हाड मोडलेला भाऊ दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागला, तो पहिल्यासारखा होईल का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ डिचोलीजवळ स्कूटरवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. हेल्मेट होतं, डोक्याला मार नाही. पहिल्या रात्री सगळ्यांशी नीट बोलला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईलाच ओळखेना. सीटी स्कॅन नॉर्मल. डॉक्टर 'फॅट एम्बोलिझम' म्हणतात, म्हणजे हाडातली चरबी रक्तात शिरून अडकणं, तर घरात कोणी म्हणतं इंजेक्शन बाधलं, कोणी म्हणतं दारू उतरतेय.

बरेचसे रुग्ण यातून सावरतात. हे आधी सांगते, कारण आत्ता तुम्हाला बाकीचं वाचायचीही ताकद नसेल. मी गोव्यात हाडांच्या वॉर्डात आणि पुढे आयसीयूत नर्स म्हणून काम केलं आहे. ओळख हरवलेली तरुण मुलं हळूहळू भानावर येताना मी पाहिली आहेत.

मांडीच्या हाडाच्या पोकळीत चरबीने भरलेली मज्जा असते. हाड मोडलं की चरबीचे बारीक थेंब शिरांत शिरतात आणि आधी फुप्फुसांत अडकतात. काही तिथूनही निसटून मेंदूपर्यंत जातात. साधारण चारांतल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनचं छोटं भोक राहिलेलं असतं, तेही त्यांना वाट देतं. पुढे या चरबीचं विघटन होऊन जी आम्लं सुटतात, ती रक्तवाहिन्यांना सूज आणतात. म्हणूनच त्रास लगेच दिसत नाही, बहुधा 24 ते 72 तासांत दिसतो. पहिल्या रात्री तो नीट बोलला, यात तुमच्या कोणाच्या नजरेतून काही सुटलेलं नाही.

सीटीत हे सहसा दिसत नाही. एमआरआयमध्ये मेंदूभर पांढरे ठिपके दिसतात, काळ्या आकाशात चांदण्या विखुराव्यात तसे. तो अजून झाला नसेल तर डॉक्टरांना विचारा. मात्र ऑक्सिजन टिकत नसेल, तर त्याला मशीनपर्यंत हलवणंच धोक्याचं असतं आणि ते थांबतील. काखेत, मानेवर, छातीवर बारीक लाल ठिपके आलेत का तेही पाहा. सावळ्या त्वचेवर ते चटकन कळत नाहीत, खालच्या पापणीच्या आतली बाजू बघितली तर सापडतात. प्रत्येकाला येतात असं नाही.

दारूचं मात्र खरं खरं सांगा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तरी दोन-तीन दिवसांनी तो असाच बरळतो, आणि त्याचे उपचार अगदी वेगळे असतात. आपल्याकडे नातेवाईक डॉक्टरांसमोर 'कधीमधी घेतो' म्हणतात, त्यात फार मोलाचा वेळ जातो. आईसमोर बोलवत नसेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. देवाचा कौल घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी इकडचं काही अडवून ठेवू नका.

ही चरबी विरघळवणारं औषध नाही. ऑक्सिजन, गरज पडली तर व्हेंटिलेटर, रक्तदाब सांभाळणं, हाच उपचार. व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, असं समजू नका. मोडलेलं हाड लवकर स्थिर केलं तर आणखी चरबी सुटायचं प्रमाण कमी होतं, म्हणून ऑपरेशनचं नाव ऐकून घाबरू नका. फुप्फुसं फार बिघडली असतील तर आधी बाहेरून सळया लावून हाड धरून ठेवतात आणि आतला रॉड नंतर घालतात. केव्हा काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

खोटा धीर देत नाही. काही जण दगावतात, बहुतेक वेळा फुप्फुसांमुळे. काहींना पुढे विसराळूपणा, चिडचिड, लक्ष न लागणं असा त्रास राहतो. पण सुधारणा दिवसांत नाही तर आठवड्यांत, कधी महिन्यांत होते. तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या भावावरून पुढचा भाऊ ठरवू नका. त्याच्याशी एका वेळी एकानेच बोला, आपलं नाव सांगून. वार सांगा, कुठे आहे ते सांगा. 'मला ओळखलंस का?' असं परत परत विचारू नका, त्याने तो आणखी बिथरतो.

डिस्चार्ज कार्डवर मेंदूला झालेल्या त्रासाची नोंद आहे का बघा. हाडांच्या ओपीडीत फक्त पाय बघून घरी पाठवू शकतात, म्हणून न्यूरॉलॉजीची तारीख वेगळी मागून घ्या. आणि ते डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरची चावी त्याच्या हातात देऊ नका, पाय कितीही बरा दिसला तरी.