पावसाळ्यात लपण कुठे ठेवावं?

प्रश्न : आमच्या माळावरच्या शेतात पाणवठ्याशेजारी पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी बांबू, हिरवी नेट आणि कापडाचं लपण केलं आहे. मार्च ते जून ते वापरतो. पाऊस लागला की काढून आणण्यापेक्षा फांद्या-गवत टाकून जागेवरच झाकून ठेवलं तर चालेल का? चोरीची धास्ती वाटते.
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : नाही, काढूनच आणा. एका वर्षी मीही लपणावर नेट गुंडाळून वर कडबा रचला होता. श्रावणात बघायला गेलो, तर नेटमध्ये धामण अडकून मेलेली. पुढे रेटलं की दोरा खवल्यांत रुततो, मग तिला मागेही येता येत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात माझी नेट रानात राहिलेली नाही. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये चंडोल, लावे गवतात जमिनीवरच घरटी करतात. झाकलेलं लपण ठीक आहे ना, हे बघायला आपण दर आठवड्याला त्या गवतातूनच चालत जाणार.

आणखी एक. लपण मुळात शिकाऱ्यांचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी सशा-तितरांसाठी वाघर म्हणजे जाळं लावणारे अजून भेटतात. त्यांना ही आयती जागा कशाला द्यायची? वनरक्षकाला ती दिसली तर संशय तुमच्यावर येईल, आणि तो यायलाच हवा. तुमचा माळ वनखात्याच्या हद्दीला लागून असेल तर लपण कुठे आणि कधी उभं करता, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

कापड नुसत्या पाण्याने धुवा. कपडे उजळवणारी पावडर अजिबात नको. ती उन्हातला अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड सोडते, त्याने कापड लांबूनच चमकतं. दोन उन्हं दाखवून, शिवणीसुद्धा कोरड्या झाल्यावर घडी घाला, नाहीतर बुरशी धरते. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. डांबराच्या गोळ्यांचा वास कापडातून लवकर जात नाही. कापडाला चेन असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासा. बांबू पडवीत उभे ठेवा. वाळवी लागू नये म्हणून बुडख्यांना जळकं ऑइल लावायचं असेल तर ते जूनमध्येच लावा, म्हणजे हंगामापर्यंत वास उडून जातो.

गाठोडं जमिनीवर न ठेवता आढ्याला टांगा. उंदीर कमी लागतात. तरी उघडताना आधी काठीने झटका, घडीत विंचू असतो.

जागेवर चार खुंट्या तेवढ्या राहू द्या. फेब्रुवारीअखेर आधी नुसता सांगाडा उभा करा, चार दिवसांनी कापड चढवा, नेट सगळ्यात शेवटी. पखुर्ड्या (माळावरचे भटतितर) पाण्यावर बिनधास्त उतरायला लागल्या की मगच आत बसा, तेही उजाडायच्या आधी जाऊन.