आधी दूध, मग वाइन : एका तरुण शेफला पत्र

प्रिय विद्यार्थ्या,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पास्ता विभागात आठ महिने झाले, आता नोकरी सोडावी आणि व्हिडिओंना मिळणाऱ्या प्रतिसादाच्या बळावर इटालियन पाककलेतला नामवंत शेफ म्हणून उभे राहावे, हा विचार तू आडपडदा न ठेवता लिहिलास याचे समाधान वाटले. नाव व्हावे असे वाटण्यात गैर काहीच नाही. मला खटकतो तो तू धरलेला क्रम, आणि तो का खटकतो हे इटालियन पाकपुस्तकांच्या लेखिका आणि शिक्षिका मार्चेला हझान यांच्या आयुष्यावरून सांगणे मला सर्वांत सोपे जाईल, कारण मी स्वतः त्यांची पुस्तके ओट्यावर उघडी ठेवून शिकलो.

मार्चेला यांचा जन्म १९२४ साली इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतातील चेझेनातिको या समुद्रकाठच्या मासेमारी गावातला. लहानपणी त्यांचा उजवा हात मोडला आणि उपचार बिघडल्यामुळे तो जन्मभर वाकलेलाच राहिला. फेरारा विद्यापीठातून त्यांनी विज्ञानात डॉक्टरेट मिळवली. १९५५ साली व्हिक्टर हझान यांच्याशी विवाह करून त्या न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि स्वयंपाकही जवळजवळ येत नव्हता. आदा बोनी यांच्या इटालियन पाकपुस्तकाने त्यांना कृती पुरवली. पण पदार्थ जमला की नाही याचा निवाडा त्यांनी पुस्तकावर सोपवला नाही. माहेरी जे खाल्ले होते त्याची चव जिभेवर होती आणि समोरचे भांडे त्या चवीशी ताडून पाहायचे, एवढेच त्यांचे शिक्षण. याला मी फार मोठे शिक्षण मानतो. तुझ्या व्हिडिओंमध्ये मला नेमकी हीच उणीव दिसते: हात सफाईने चालतो, परंतु तू भांड्यातले चाखताना एकदाही दिसत नाहीस.

पुढे त्या चिनी स्वयंपाकाच्या वर्गाला जाऊ लागल्या. शिक्षिका परदेशी गेल्याने वर्ग थांबला, आणि सोबतच्या स्त्रियांनी त्यांनाच इटालियन स्वयंपाक शिकवण्याची गळ घातली. अशा रीतीने १९६९ साली आपल्या घरच्या लहानशा स्वयंपाकघरात त्यांनी शिकवणी सुरू केली. दुसऱ्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यसमीक्षक क्रेग क्लेबोर्न त्यांच्याकडे जेवायला आले, हे गृहस्थ कोण आहेत याची मार्चेला यांना कल्पनाही नव्हती. क्लेबोर्न यांच्या लेखाने मार्चेला यांचे नाव सर्वदूर गेले आणि १९७३ साली पहिले पुस्तक आले. त्या इटालियनमध्ये लिहीत आणि व्हिक्टर ते इंग्रजीत आणत. पुढे बोलोन्या येथे आणि नंतर व्हेनिसच्या घरी त्यांनी जगभरातून येणाऱ्यांना शिकवले. विवाहापासून पहिल्या वर्गापर्यंत चौदा वर्षे गेली, आणि त्या काळात त्या घरच्यांसाठी रांधत होत्या.

आता रागूविषयी, म्हणजे पास्त्यासाठीच्या खिम्याच्या सॉसविषयी लिहितो, कारण तुझ्या शेवटच्या व्हिडिओत रागू होता. मार्चेला यांच्या बोलोन्या पद्धतीत कांदा, सेलरी आणि गाजर लोण्यात व तेलात परतून त्यात खिमा घालतात, खिम्याचा कच्चा रंग गेला की आधी दूध ओततात, ते मंद आचेवर पूर्ण आटू देतात, मग पांढरी वाइन आटवतात आणि टोमॅटो सर्वांत शेवटी. त्यानंतर किमान तीन तास, एखादाच बुडबुडा फुटेल इतक्या आचेवर. दूध आधी का, तर वाइन आणि टोमॅटो यांच्या आंबटपणापासून मांसाची गोडी राखली जावी म्हणून. तू वाइन आधी घातलीस आणि चाळीस मिनिटांत भांडे उतरवलेस. मीही उमेदवारीच्या काळात एका गर्दीच्या रात्री दूध अजिबात न आटवता वाइन घातली होती. आमच्या मुख्य शेफने एक चमचा चाखला आणि काही न बोलता पातेले बाजूला ठेवले. त्या रात्री मला कारण कळले नाही. पुस्तक पुन्हा वाचल्यावर कळले, आणि मग दोन पातेली शेजारी शेजारी शिजवून पाहिली तेव्हा जिभेला पटले.

त्यांच्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे पायाभरणी. कांदा-लसणासारखे बारीक चिरलेले जिन्नस म्हणजे बत्तूतो, तो परतला की सोफ्रितो, आणि मुख्य जिन्नस त्यात घोळवून चव मुरवणे म्हणजे इन्सापोरिरे. कांदा आधी पारदर्शक होऊ द्यायचा आणि लसूण नंतर टाकायचा, कारण लसूण लवकर करपतो. तू दोन्ही एकदम टाकतोस.

रेस्टॉरंटची वाट वेगळी असते असे तू म्हणशील. त्याच प्रांतातील मोदेना शहराचे शेफ मास्सिमो बोत्तुरा यांच्याकडे पाहा. १९८६ साली त्यांनी गावाजवळ लहानशी त्रात्तोरिया, म्हणजे साधी खानावळ, घेतली आणि तेथे लिदिया क्रिस्तोनी या अनुभवी बाईंकडून हाताने पास्ता लाटायला शिकले. त्यांचे रेस्टॉरंट ‘ओस्तेरिया फ्रान्चेस्काना’ १९९५ साली उघडले, मिशलिन मार्गदर्शिकेचा पहिला मानाचा तारा २००२ साली मिळाला आणि जगातील पन्नास उत्कृष्ट रेस्टॉरंटच्या यादीत पहिले स्थान २०१६ साली. परंपरेची मोडतोड करणारा म्हणून आज त्यांची ख्याती आहे, परंतु ती परंपरा आधी त्यांच्या हातात होती.

प्रसिद्धीचे एक ओझेही लक्षात घे. बाल्सामिक व्हिनेगर, म्हणजे द्राक्षांच्या रसापासून केलेला गडद, आंबटगोड सिरका, अमेरिकेत लोकप्रिय करण्याचे श्रेय मार्चेला यांना दिले जाते. पुढे लोक ते कशावरही ओतू लागले, याची त्यांना खंत वाटली. ऐकणारे वाढले की तुझी अर्धवट माहितीही तितक्याच दूर जाईल, म्हणून मला तुझी घाई धास्तीची वाटते.

नोकरी सोडू नकोस. दोन वर्षे एमिलिया-रोमान्याच्या पदार्थांपलीकडे जाऊ नकोस; सिसिली आणि नेपल्सचे पदार्थ कुठे पळून जात नाहीत. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे या हिशेबाने रोज पीठ मळ आणि लाटण्याने लाट, यंत्राने नव्हे. दर रविवारी मार्चेला यांचा टोमॅटो सॉस कर: डब्यातले सोललेले टोमॅटो, पाच मोठे चमचे लोणी, अर्धा करून टाकलेला एक कांदा आणि मीठ, झाकण न ठेवता पाऊण तास, शेवटी कांदा काढून टाकायचा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदल, कधी आच, कधी मीठ घालण्याची वेळ, कधी टोमॅटोचा डबा, आणि काय फरक पडला ते त्याच दिवशी वहीत लिही. व्हिडिओ करायचे असतील तर जरूर कर, पण त्या वहीतले कर.

पहिल्या चार रविवारांची टिपणे मला पाठव. सोबत रागूची दोन पातेली, एकात दूध आधी आणि एकात वाइन आधी, चाखून काय वाटले तेही लिही. मी वाट पाहतो.

तुझा हितचिंतक