घड्याळ रोज ‘स्ट्रेस हाय’ दाखवतं, खरं मानायचं का?

तुम्ही विचारलंय की ठाण्याहून ऐरोलीला ऑफिसला जाताना घड्याळ रोज सकाळी ‘स्ट्रेस हाय’ दाखवतं, तर काय समजायचं? सकाळचा तो आकडा सोडून द्या. रात्री झोपेतला काय येतो ते बघा.

घड्याळाला ताण दिसत नाही, त्याला फक्त नाडी कळते. मागचा हिरवा दिवा मनगटातलं रक्त कमीजास्त होताना टिपतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर काढतो. मिनिटाला ६० ठोके म्हणजे प्रत्येक ठोका बरोबर सेकंदाने पडतो असं नाही. एखादा ९६० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा १०४० नी. श्वास घेताना ठोके जरा जलद होतात, सोडताना सावकाश. निवांत असलात की हा चढउतार मोठा असतो, शरीर धावपळीच्या तयारीत गेलं की तो आक्रसतो. यालाच एचआरव्ही म्हणतात आणि बऱ्याच घड्याळांचा ‘स्ट्रेस’ मुख्यतः त्यावरच बेतलेला असतो.

आता ठाणे स्टेशनचा पूल चढून, ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत घुसून उभे राहिलात, वर घरून निघताना कडक चहा घेतलेला, तर दुसरं काय दाखवणार ते? जिना, चहा, ताप आणि साहेबांचा मेसेज त्याला सारखेच. माझ्या मेहुण्याला तर सोफ्यावर बसून भारताची मॅच बघताना लाल पट्टी आली होती, आणि आपण जिंकत होतो! शिवाय हात हलत असला की मोजमापच बिघडतं.

झोपेत यातलं बरंच काही नसतं. म्हणून तिथला एचआरव्ही दोन-तीन आठवडे बघा. तुमच्या नेहमीच्या पातळीच्या सलग खाली राहिला तर कारण शोधा. दुसऱ्या कुणाशी तुलना नको. वयाबरोबर हा आकडा उतरतोच. सोबत फोनमध्ये रोज एक ओळ लिहा: ‘जेवण उशिरा, क्लायंट कॉल रात्री.’ मला सोमवारचा धसका असेल असं वाटायचं. नोंदींत निघाली रविवारची रात्र.

उतारा म्हणाल तर सावकाश श्वास. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६. पाचेक मिनिटं पुरतात. घड्याळ थरथरून ताल देतं, त्यामुळे ठाण्याहून लोकल सुटल्यावर दांडा धरून उभ्या उभ्याही जमतं. ओढून घेऊ नका, चक्कर येते. यासाठी सबस्क्रिप्शन वगैरे भरायची काहीएक गरज नाही. आणि ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री म्यूट करा. ताणाचा आकडा दाखवणारा फोनच ताण आणूनही देतो.

झोप उडालीय, कशात लक्ष लागत नाही असं आठवडे चाललं असेल, तर अ‍ॅपवर थांबू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. छातीत दुखत असेल तर मात्र ताण-बिण म्हणत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि ईसीजी काढा.